सोलापूरच्या विद्यार्थ्यांनी इटालियनचा इंटेन्सिव्ह कोर्स कसा करावा

अभियांत्रिकी, वस्त्रोद्योग, वास्तुकला, वैद्यक किंवा संगीत यांपैकी कोणत्याही विषयासाठी इटलीचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेश, शिष्यवृत्ती आणि व्हिसा यांची माहिती बहुतेक वेळा मिळते; भाषेची तयारी मात्र तिकीट काढल्यानंतरच्या दिवसांवर ढकलली जाते. ज्याला इटालियनचे एक अक्षरही येत नाही, पण सुट्टीचे पाच-सहा आठवडे मनापासून देण्याची तयारी आहे, अशा महाविद्यालयीन विद्यार्थ्यासाठी हा लेख आहे. आपल्याकडे युरोपीय भाषा इंग्रजीच्या आधाराने शिकवण्याची आणि शिकण्याची सवय आहे. माझे ठाम मत असे आहे की इटालियनच्या बाबतीत मराठी मुलाला इंग्रजीपेक्षा मराठीचाच आधार अधिक उपयोगी पडतो, आणि सोलापूरसारख्या मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी, उर्दू कानावर पडत असलेल्या शहरात वाढलेल्या विद्यार्थ्याजवळ तर हे भांडवल जास्तच असते. पुढील पायऱ्या हीच गोष्ट धरून सांगितल्या आहेत.

पहिली पायरी: कशासाठी आणि कुठपर्यंत, हे आधी ठरवावे

युरोपातील भाषांच्या पातळ्या युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्याप्रमाणे मोजल्या जातात: ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२. ए१ म्हणजे स्वतःची ओळख करून देणे, पत्ता, वय, वेळ, किंमत सांगणे-विचारणे आणि समोरचा माणूस सावकाश बोलला तर त्याचे म्हणणे कळणे. ए२ म्हणजे दुकान, दवाखाना, स्टेशन, भाड्याची खोली अशा रोजच्या व्यवहारांत स्वतःचे काम स्वतः करता येणे. वर्गातील व्याख्यान समजून त्यावर बोलता येण्यासाठी बी२ लागते.

ए१ पूर्ण व्हायला सर्वसाधारणपणे ८० ते १०० तासांचे अध्यापन लागते. आठवड्यातून पाच दिवस रोज चार तास असा वर्ग असेल, तर आठवड्याचे २० तास होतात आणि चार-पाच आठवड्यांत ए१ हातात येते. इंटेन्सिव्ह कोर्स म्हणतात तो हाच. ए२ साठी साधारण तेवढेच तास पुन्हा द्यावे लागतात. म्हणून एका उन्हाळी सुट्टीत ए१ नीट आणि ए२ ची सुरुवात, एवढेच उद्दिष्ट ठेवावे. दोन-तीन महिन्यांत अस्खलित इटालियन शिकवण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत.

उद्दिष्ट ठरवताना आपला अभ्यासक्रम कोणत्या भाषेत शिकवला जाणार आहे, हे आधी पाहावे. मिलानच्या १८६३ मध्ये स्थापन झालेल्या पोलितेक्निकोसारख्या विद्यापीठात अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीत चालतात, त्यामुळे तिथे इटालियन प्रवेशासाठी नव्हे तर जगण्यासाठी लागते आणि ए२ पर्यंतची तयारी पुष्कळ होते. अभ्यासक्रमच इटालियनमध्ये असेल, तर युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याकडून सामान्यतः बी२ ची अपेक्षा असते. अशा विद्यार्थ्याने किमान वर्षभर आधी सुरुवात करावी आणि या कोर्सकडे केवळ पहिली पायरी म्हणून पाहावे.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना मला वेगळे सांगावेसे वाटते. ‘आयमॅट’ ही प्रवेश परीक्षा इंग्रजीत होते आणि त्यानंतरचे वर्गही इंग्रजीत चालतात, म्हणून भाषा टाळता येईल असा समज होतो. पण रुग्णालयातील रुग्ण, त्यातही वयस्कर रुग्ण, इटालियनमध्येच बोलणार आहेत. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तेव्हा त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शिकवले. त्यांच्या गावच्या विद्यार्थ्याने परक्या देशात डॉक्टर होताना भाषेचा कंटाळा करावा, हे मला पटत नाही.

वस्त्रोद्योगाच्या विद्यार्थ्यांसाठी तर कारण अगदी घरातलेच आहे. सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल मागावर तयार होतात, आणि विणकामाची यंत्रे बनवण्यात इटलीतील बेर्गामोच्या परिसराचे नाव जुने आहे. प्रातो आणि बिएल्ला लोकरीसाठी, तर कोमो रेशमासाठी ओळखले जाते. अशा गावात शिकायला किंवा प्रशिक्षणाला गेलेल्या मुलाला कारखान्यातल्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलता आले, तर जे कळते ते माहितीपत्रकात छापलेले नसते.

दुसरी पायरी: अभ्यासक्रमाची निवड

सोलापुरातच चांगला शिक्षक आणि पुरेशा तासांचा वर्ग मिळाला तर उत्तमच. तो न मिळाल्यास तीन मार्ग उरतात: घरी बसून ऑनलाइन वर्ग, मुंबई किंवा पुण्यात महिनाभर राहून प्रत्यक्ष वर्ग, अथवा थेट इटलीत जाऊन शिकणे.

ऑनलाइन वर्ग इटलीतून चालत असेल, तर वेळेचा हिशेब आधी करावा. आपली घड्याळे इटलीपेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतात. तिथला सकाळी नऊचा वर्ग मे महिन्यात आपल्याकडे दुपारी साडेबाराला सुरू होईल, तर संध्याकाळी सहाचा वर्ग रात्री साडेनऊला. रोज चार तासांचा अभ्यासक्रम रात्री साडेनऊला सुरू करून कोणी पाच आठवडे टिकेल असे मला वाटत नाही, त्यामुळे इटलीतील सकाळचाच वर्ग घ्यावा. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर चार तास बसणे डोळ्यांना आणि लक्षाला जाचक होते. लॅपटॉप, मायक्रोफोन असलेला हेडफोन आणि वीज गेल्यास मोबाइल डेटावर वर्ग चालू ठेवण्याची सोय, एवढी तयारी आधी असावी.

मुंबईत इटलीचे महावाणिज्य दूतावास आहे आणि इटालियन सांस्कृतिक संस्थाही आहे. अशा संस्थेचे वर्ग, त्यांच्या तारखा आणि पातळ्या यांची चौकशी थेट त्यांच्याकडेच करावी. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी पोचता येते आणि १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारतही सुरू आहे. म्हणून शनिवार-रविवारच्या वर्गाला सोलापूरहून ये-जा करावी असा मोह होतो. आठवड्यातून दोनच दिवस चालणारा वर्ग मात्र इंटेन्सिव्ह ठरत नाही. मधल्या पाच दिवसांत शिकलेले विरते आणि प्रवासाचा थकवा वेगळाच. मुंबईचा किंवा पुण्याचा पर्याय निवडायचा असेल, तर नातेवाइकांकडे अथवा वसतिगृहात सलग राहण्याची सोय करूनच निवडावा.

इटलीत जाऊन शिकायचे असेल, तर परदेशी विद्यार्थ्यांसाठीच असलेली पेरूजा आणि सिएना येथील दोन विद्यापीठे या क्षेत्रात अग्रगण्य आहेत. तिथे महिनाभरापासून काही महिन्यांपर्यंतचे भाषावर्ग चालतात. याशिवाय बहुतेक मोठ्या इटालियन विद्यापीठांना स्वतःचे भाषाकेंद्र असते आणि अनेक केंद्रे सत्र सुरू होण्यापूर्वी, सप्टेंबरच्या सुमारास, नव्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी प्राथमिक सघन वर्ग घेतात. ज्याचा प्रवेश निश्चित झाला आहे त्याने त्या विद्यापीठाकडे हा वर्ग आहे का, तो विनामूल्य आहे का आणि नोंदणी केव्हा बंद होते, हे जूनमध्येच लिहून विचारावे. तो वर्ग मिळणार असला, तरी इथून ए१ करून जाणे चांगले. कारण मग तिथे ए२ च्या वर्गात बसता येते आणि दोन महिन्यांचे काम एका महिन्यात होते.

पैसे भरण्यापूर्वी कोणत्याही संस्थेला काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. एकूण अध्यापनाचे तास किती आणि ते किती आठवड्यांत विभागले आहेत? एका वर्गात किती विद्यार्थी असतात? बारा-पंधरांपेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाला बोलायला मिळणे कठीण. शिक्षकाची स्वतःची प्रमाणित पातळी कोणती आहे, वर्गात तो इटालियन किती वापरतो, पुस्तक इटलीत छापलेले आहे की संस्थेने जुळवलेल्या टिपणांची झेरॉक्स, आणि बुडालेल्या वर्गाचे ध्वनिचित्रमुद्रण मिळते का, हेही विचारावे. एखादा नमुना वर्ग पाहण्याची परवानगी अवश्य मागावी. त्या तासात शिक्षक किती बोलला आणि विद्यार्थी किती बोलले, एवढे जरी नीट पाहिले तरी निर्णय घेता येतो.

तिसरी पायरी: वेळापत्रक परीक्षांशी जुळवणे

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत सत्रपद्धती असल्यामुळे सलग मोकळा वेळ दोनदाच मिळतो: दिवाळीच्या सुट्टीत आणि उन्हाळी परीक्षा संपल्यानंतर. दिवाळीची सुट्टी सघन वर्गासाठी अपुरी पडते. त्या वेळी उच्चार आणि वाचन एवढेच उरकावे. मुख्य कोर्स उन्हाळ्यातच करावा. शेवटचा पेपर आणि वर्गाचा पहिला दिवस यांच्यात किमान आठवडाभराचे अंतर ठेवावे, कारण प्रात्यक्षिक किंवा तोंडी परीक्षेची तारीख पुढे गेल्यास वर्गाचे पहिलेच दिवस बुडतात, आणि सघन वर्गात पहिले तीन दिवस चुकवणारा विद्यार्थी शेवटपर्यंत मागेच राहतो.

चौथी पायरी: वर्गाआधीच्या पंधरवड्यात उच्चार पक्के करावेत

माझ्या अनुभवाप्रमाणे या पंधरवड्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि मराठी विद्यार्थ्याला सर्वांत जास्त फायदा इथेच मिळण्यासारखा असतो. इटालियन लिपीत मूळची २१ अक्षरे आहेत. जे, के, डब्ल्यू, एक्स आणि वाय ही केवळ परक्या शब्दांसाठी वापरतात. लेखन आणि उच्चार यांचे नाते बऱ्यापैकी नियमित असल्यामुळे दोन आठवड्यांत कोणताही मजकूर अर्थ न कळताही वाचता येऊ लागतो.

पहिला नियम असा ठेवावा की टी आणि डी ही अक्षरे दिसली की तोंडातून ‘त’ आणि ‘द’ यावेत, ‘ट’ आणि ‘ड’ नव्हेत. इंग्रजीच्या सवयीने आपण ‘पास्टा’ म्हणतो. इटालियन माणूस ‘पास्ता’ म्हणतो आणि तो ‘त’ आपल्या ‘रस्ता’तल्या ‘त’ सारखाच दंत्य असतो. पी, टी आणि कडक सी हे आपल्या प, त, क प्रमाणे अल्पप्राण असतात. इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांना हे महिनोन्‌महिने घोटावे लागते, आपल्याला ते आयते मिळते. ‘र’ तर आपलाच, स्पष्ट आणि कंपित.

दुसरी देणगी ‘च’ आणि ‘ज’ यांची. मराठीत ‘चिमणी’ मधला ‘च’ वेगळा आणि ‘चाकू’ मधला वेगळा. ‘जीव’ मधला ‘ज’ वेगळा आणि ‘जाळे’ मधला वेगळा. इटालियनमध्ये हे चारही ध्वनी आहेत. सी नंतर ई किंवा आय आला तर ‘चिमणी’ मधला ‘च’ होतो, म्हणून रात्रीचे जेवण म्हणजे ‘चेना’. जी नंतर ई किंवा आय आला तर ‘जीव’ मधला ‘ज’. दोन झेड एकत्र आले की ‘पित्सा’प्रमाणे ‘चाकू’च्या जवळचा ध्वनी, आणि ‘मेद्झो’ म्हणजे अर्धा या शब्दात ‘जाळे’च्या जवळचा. कोणत्या शब्दात कोणता, हे ऐकूनच शिकावे लागते.

सी आणि जी यांच्यापुढे एच घातला की ते पुन्हा ‘क’ आणि ‘ग’ होतात. म्हणून हॉटेलांत ‘ब्रुशेटा’ म्हणून मागवला जाणारा पदार्थ प्रत्यक्षात ‘ब्रुस्केत्ता’ आहे. जी आणि एन एकत्र आले की ‘न्य’, आणि जी-एल-आय म्हणजे जिभेचा मधला भाग टाळूला लावून काढलेला ‘ल्यी’. हा शेवटचा ध्वनी मात्र आपल्याकडे नेमका नाही. तो रोज आरशासमोर घोटावा.

जोडव्यंजनांकडे विशेष लक्ष द्यावे. ‘पेना’ म्हणजे दुःख आणि ‘पेन्ना’ म्हणजे पेन. ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. ‘कापेल्लो’ म्हणजे केस आणि ‘काप्पेल्लो’ म्हणजे टोपी. स्वतःचे वय सांगताना ‘ओ वेन्ती आन्नी’ यातील ‘न्न’ दाबून म्हणावाच लागतो, नाहीतर भलताच अर्थ निघतो. ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो त्याला हे जड नाही. ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते त्यांना तर हे अधिकच सोपे आहे. बहुतेक शब्द स्वरान्त असल्यामुळे तेलुगूला ‘पूर्वेची इटालियन’ म्हणण्याची पद्धतच आहे, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक विद्यार्थ्याने इटालियन ऐकले की हे साम्य त्याच्या लगेच लक्षात येईल.

आघात हा मात्र आपला कच्चा दुवा आहे. मराठीत शब्दावरचा आघात बदलल्याने सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण तो सपाट बोलतो. इटालियनमध्ये आघात बहुधा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरावर येतो, पण ‘तावोलो’ म्हणजे टेबल यात तो पहिल्या अक्षरावर आहे आणि ‘पार्लानो’ म्हणजे ‘ते बोलतात’ यातही पहिल्यावरच. नवा शब्द वहीत लिहिताना आघाताचे अक्षर अधोरेखित करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

पाचवी पायरी: व्याकरण मराठीतून समजून घ्यावे

वहीत शब्दांचे अर्थ मराठीत लिहावेत, असा माझा आग्रह आहे. इंग्रजी मध्ये आली की सोपी गोष्ट अवघड होते. ‘मला कॉफी आवडते’ या वाक्यात कॉफी हा कर्ता आहे आणि क्रियापद तिच्याप्रमाणे चालते. इटालियनमध्येही ‘मि प्याचे इल काफ्फे’ म्हणजे शब्दशः ‘मला आवडते कॉफी’, आणि वस्तू अनेक असल्या की ‘मि प्याच्चोनो’ म्हणजे ‘मला आवडतात’. इंग्रजीतून शिकणारा विद्यार्थी ‘मी’ला कर्ता धरून या रचनेत अडकतो, मराठी मुलाने मराठीतच विचार केला तर त्याला यात शिकण्यासारखे फक्त शब्द उरतात.

विशेषणांचेही तसेच. ‘चांगला, चांगली, चांगले, चांगल्या’ अशी रूपे बोलणाऱ्याला ‘बुओनो, बुओना, बुओनी, बुओने’ यांचे कारण समजावून सांगावे लागत नाही. कर्ता गाळून ‘जातो’, ‘येते’ म्हणण्याची आपली सवयही चालते, कारण इटालियन क्रियापदाच्या शेवटावरून पुरुष आणि वचन कळतात. भूतकाळात ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ हा भेद इटालियनमध्ये ‘सोनो आन्दातो’ आणि ‘सोनो आन्दाता’ असा होतो.

सावध राहण्याची जागा सकर्मक भूतकाळात आहे. आपण ‘मी पोळी खाल्ली’ आणि ‘मी आंबा खाल्ला’ म्हणतो, म्हणजे क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इटालियनमध्ये ‘ओ मान्जातो ला मेला’, म्हणजे ‘मी सफरचंद खाल्ले’, यात ‘मेला’ स्त्रीलिंगी असूनही ‘मान्जातो’ बदलत नाही. तेच कर्म सर्वनाम होऊन क्रियापदाच्या आधी आले, की ‘लो मान्जाता’ असे स्त्रीलिंगी रूप होते. मराठीची सवय अर्धी उपयोगी आणि अर्धी अडचणीची ठरते ती इथे. प्राथमिक वर्गात हा भाग शेवटी येतो, पण तो आला की चार दिवस थांबून वीस-पंचवीस वाक्ये मराठीतून इटालियनमध्ये स्वतः लिहून तपासून घ्यावीत.

लिंगे दोनच आहेत, नपुंसकलिंग नाही. आपले ‘पुस्तक’ तिथे पुल्लिंगी ‘लिब्रो’ होते आणि ‘घर’ स्त्रीलिंगी ‘कासा’. मराठीचे लिंग डोक्यात ठेवून अंदाज करू नये. त्यासाठी नाम कधीही एकटे लिहू नये. उपपदासह ‘इल लिब्रो’, ‘ला कासा’, ‘लो स्तुदेन्ते’ असेच लिहावे आणि तसेच पाठ करावे. उपपदे मराठीत नाहीत, त्यामुळे मराठी विद्यार्थ्याच्या सर्वाधिक चुका इथेच होतात. ‘इल’ कुठे, ‘लो’ कुठे आणि अनेकवचनात ‘ई’ कुठे, ‘ल्यी’ कुठे हे पुढच्या ध्वनीवर ठरते. पुढे ही उपपदे शब्दयोगी अव्ययांना चिकटून नवीन रूपे होतात. याला सोपा मार्ग नाही, तक्ता पाठ करावा आणि रोज वापरावा.

वाक्यरचनेत क्रियापद शेवटी न येता मध्ये येते, ही गोष्ट इंग्रजीमुळे आपल्याला परिचित आहे. संख्यांची तर भीतीच नको: मराठीत एक ते शंभर प्रत्येक संख्येचे नाव वेगळे पाठ केलेल्याला इटालियनमधील वीसनंतरच्या नियमित संख्या एका दुपारी येतात.

आदरार्थी बोलण्याबद्दल मात्र पहिल्याच आठवड्यात काळजी घ्यावी. मित्राला ‘तू’, आणि प्राध्यापक, घरमालक, कचेरीतील कर्मचारी यांना ‘लेई’. आपण आदराने अनेकवचन वापरतो, तर ‘लेई’ बरोबर क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी येते. ‘चाओ’ हा शब्द जगभर पसरला असला तरी तो ओळखीच्या माणसांसाठी आहे. प्राध्यापकांना ‘बुओन्जोर्नो’च म्हणावे.

सहावी पायरी: दिवसाची आखणी

वर्गाचे चार तास म्हणजे सगळे काम नव्हे, हे आधी मान्य करावे. जितके तास वर्गात, त्याच्या निम्मे तरी घरी दिल्याशिवाय सघन कोर्सचा वेग पेलत नाही. वर्ग सकाळी असेल तर जेवणानंतर त्याच दिवशी गृहपाठ करावा. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीपार असताना दुपारी बाहेर पडण्यासारखे नसतेच, तेव्हा तो वेळ याच कामी लावावा. वर्ग दुपारी साडेबाराला असेल तर गृहपाठ संध्याकाळी आणि आदल्या दिवसाची उजळणी पहाटेच्या गारव्यात ठेवावी. रोज वीस ते पंचवीस नवे शब्द पुरेत. त्याहून जास्त लिहिले जातात, राहत नाहीत.

ऐकणे रोज व्हायला हवे, मग अर्थ कळो वा न कळो. इटलीची सार्वजनिक प्रसारणसंस्था ‘राय’ हिची आकाशवाणी इंटरनेटवर ऐकता येते. बातम्यांची दहा मिनिटे रोज ऐकून ओळखीचे शब्द तेवढे टिपावेत. पाठ्यपुस्तकातील संवाद ऐकताना पहिल्यांदा पुस्तक मिटून ऐकावा, मग पाहून, आणि शेवटी निवेदकाबरोबर मोठ्याने म्हणावा.

बोलण्यासाठी एक सोबती शोधावा आणि रोज अर्धा तास फक्त इटालियनमध्ये बोलण्याचा नेम ठेवावा. विषय आपल्या गावाचेच घ्यावेत. ‘मि क्यामो’ म्हणून नाव, ‘आबितो आ सोलापुर’ म्हणून गाव, मग घरातली माणसे, सिद्धेश्वर तलाव, जानेवारीतील गड्ड्याची यात्रा, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. इटलीत गेल्यावर पहिल्या महिन्यात जो भेटेल तो तुमच्या गावाबद्दल आणि जेवणाबद्दलच विचारणार आहे, आणि ए१ च्या तोंडी परीक्षेतही विषय हेच असतात. पुस्तकातील रोम आणि फ्लॉरेन्सची वर्णने पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या गल्लीवर दहा वाक्ये बोलता येणे अधिक मोलाचे आहे.

ही बोलण्याची सवय पुढेही लागते. इटालियन विद्यापीठांत तोंडी परीक्षांना मोठे स्थान आहे. गुण ३० पैकी दिले जातात आणि उत्तीर्ण व्हायला १८ लागतात. लेखी उत्तरपत्रिकांची सवय असलेल्या आपल्या विद्यार्थ्याने समोर बसलेल्या परीक्षकाला सलग चार वाक्यांत उत्तर देण्याचा सराव आत्तापासून केलेला बरा.

सातवी पायरी: प्रमाणपत्र

वर्गाच्या शेवटी संस्था देते ते सहसा उपस्थितीचे प्रमाणपत्र असते. भाषेची पातळी सिद्ध करणारे प्रमाणपत्र त्याहून वेगळे. इटलीत मान्य असलेल्या परीक्षा मुख्यतः चार आहेत: पेरूजाच्या विद्यापीठाची ‘चेली’, सिएनाच्या विद्यापीठाची ‘चिल्स’, १८८९ मध्ये स्थापन झालेल्या दान्ते आलिगिएरी संस्थेची ‘प्लिदा’ आणि रोमा त्रे विद्यापीठाची ‘चेर्त-इत’. या परीक्षा ठरावीक तारखांनाच होतात आणि नोंदणी बऱ्याच आधी बंद होते, म्हणून मुंबई किंवा दिल्लीतील इटालियन सांस्कृतिक संस्थेकडे केंद्र आणि तारीख यांची चौकशी कोर्स सुरू करतानाच करावी. नावे फसवी असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे: ‘चेली १’ ही ए२ ची परीक्षा आहे आणि ‘चेली ३’ ही बी२ ची, तर ‘चिल्स’ मध्ये बी२ च्या परीक्षेला ‘दुए’ म्हणजे दोन म्हणतात.

फक्त ए१ साठी परीक्षेचे शुल्क भरावे का? इंग्रजीतील अभ्यासक्रमाला जाणाऱ्याने माझ्या मते भरू नये. ते पैसे पुढच्या पातळीच्या वर्गावर खर्च करावेत. ज्याला इटालियन माध्यमाचा अभ्यासक्रम हवा आहे त्याने थेट बी२ चे लक्ष्य ठेवावे, कारण विद्यापीठाला तेच लागते.

आठवी पायरी: कोर्स संपल्यापासून इटलीत पोचेपर्यंत

जून-जुलैमध्ये कोर्स संपतो आणि इटलीतील शैक्षणिक वर्ष सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये सुरू होते. मधल्या दोन-तीन महिन्यांत ‘युनिव्हर्सितली’ संकेतस्थळावरील पूर्वनोंदणी, विद्यार्थी व्हिसा आणि कागदपत्रांची धावपळ चालू असते आणि भाषा मागे पडते. या काळात रोज पाऊण तास पुरतो, पण तो खंड न पडता द्यावा: एक दिवस जुना धडा, एक दिवस ऐकणे, एक दिवस सोबत्याशी बोलणे. आठवड्यातून दोन तास शिक्षकाबरोबर मिळाले तर ए२ चा पहिला भाग या वेळेत होऊ शकतो.

जाण्याआधीच्या आठवड्यात कचेरीत लागणारी भाषा स्वतंत्रपणे घोटून घ्यावी, कारण पाठ्यपुस्तकांत ती उशिरा येते. इटलीत पोचल्यापासून कामाच्या आठ दिवसांत निवास परवान्यासाठी, म्हणजे ‘पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो’साठी, अर्ज करावा लागतो. त्याचा अर्जसंच टपाल कचेरीत मिळतो आणि भरून तिथेच द्यावा लागतो. ‘कोदिचे फिस्काले’ हा कर क्रमांक खोली भाड्याने घेण्यापासून मोबाइलच्या सिमकार्डापर्यंत जागोजागी मागितला जातो. आडनाव, नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख, नागरिकत्व, पत्ता, सही, पावती, मुदत एवढे शब्द आणि ‘मला अर्जसंच हवा आहे’, ‘इथे काय लिहायचे?’, ‘कृपया पुन्हा सांगा, सावकाश’ ही वाक्ये न अडखळता आली पाहिजेत. टपाल कचेरीतील खिडकीवर इंग्रजी बोलणारा कर्मचारी भेटेलच असे धरून चालू नये. पासपोर्टावर जसे नाव आहे तसेच अक्षर-अक्षर इटालियन उच्चाराने सांगण्याचा सरावही करावा. विद्यापीठात पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात भाषाकेंद्राची स्तरचाचणी द्यावी आणि जी पातळी मिळेल तिच्या वर्गात त्याच सत्रात नाव नोंदवावे.